खालचे टेकू

खाजामियाँ कुठायत म्हणून किती येळा इचारताल, मुकादम? सांगितलं न्हवं, मशिदीत गेल्यात, येतील — बसा, पाणी घ्या. गोड हाय आमच्या परंड्याचं पाणी. तिकडं तुमच्या कोळशाच्या खाणीवर कुठलं आलं असलं पाणी? आमी तिकडं कामाला आलो तवा आडात हातभर दोर सोडला की घागर भरायची. मग खाणीतलं पाणी उपसायचं इंजिन बसलं, रात न् दिस धडधड, आन् समदे आड कोरडे. उपसलेलं पाणी वढ्यात सोडलं — तांबडं, गंजल्यावानी. म्हशी त्वांड लावत न्हवत्या. व्हय, तुमी बी प्यालाय ते, तुमाला काय सांगायचं.

आन् आता ह्यांना पुन्हा न्यायला आलाव. लढाई चाललीय, रेल्वेला कोळसा पायजे, टेकू काढणारा तसा माणूस गावत न्हाय — खरं हाय. कोळसा संपला की जाताना खालचे लाकडाचे टेकू काढायचे, छत पडू द्यायचं. ते काम ह्यांचंच. लाकूड करकरलं की कान देऊन उभे ऱ्हायचे, अजून किती दम धरतंय ते वळखायचे, मग मागं सरायचे. पण वर काय हाय, हे खाली कसं कळावं? कुणाचं शेत, कुणाचं घर — अंधारात दिशाच न्हाय. तुमी तरी कुठं सांगितलं?

न्हाय, भांडत न्हाय म्या. आमची फरिदा तिकडंच गेली, तापानं. वस्तीमागं लिंबाखाली ठिवली तिला. आमी गावाकडं निघायच्या आदल्या दिशी हे आजारी, म्हणून फातिहा पढाय म्या एकलीच गेले — तर लिंब आडवा. जिमीन खचून खड्डा झालेला, काळं पाणी साचलेलं, भेगा अशा की बकरी आत जाईल. कुठं हुडकू तिला? बसले काठाला. घरी आले तर हे इचारत्यात, कबर ठीक हाय न्हवं? म्या म्हनलं, व्हय. काय करू मग? पोरीच्या अंगाखालचे टेकू तुमीच काढलेत, असं कोणत्या तोंडानं सांगू?

तवापासून असंच. दर शबे-बरातीला म्हणत्यात, एकदा जाऊ, कबरीला माती लावू. म्या हूं म्हणते. एका घरात ऱ्हातो, एका ताटात जेवतो, आन् पोरीला दुसऱ्यांदा म्या एकलीच रडते. लाल डोळं बघून शेजारणी म्हणत्यात, रजियाबीची चूल लई धूर करती. करू दे. कुणाला बोलले न्हाय आजवर, तुमाला का बोलले, ठावं न्हाय — ती जागा बघितलेलं माणूस तुमीच येवढं, म्हणून असलं.

तुमी चला म्हटलं की ते येतील. मजुरीपाई न्हाय, तिच्यापाई. येतील आन् बघतील. म्हणून म्हणते, मुकादम, आल्या पावली जावा, ह्यांची गाठ न घेता — त्या मागल्या दारानं — ऱ्हाऊ द्या. आलेच ते.

या. हे मुकादम, वळखलंत न्हवं? न्हाय, न्यायला न्हाय आले, वाटंवर गाव लागलं म्हणून टेकलेत. व्हय, म्या इचारलं की. आपल्या फरिदाचं पयलं इचारलं. ठीक हाय म्हणत्यात, लिंबाची सावली बी हाय.

सांगा की, मुकादम.