मांजरीचं गवत आणि रामटेकेचं विंडोज

८ डिसेंबर १९९७, सोमवार, कडाक्याची थंडी. तारीख पक्की सांगतो, कारण त्या दिवशी बायकोनं बजावलं होतं, "मांजरीनं पुन्हा माझी तुळस खाल्ली, तर तिले बोथ गावाले माझ्या भावाकडं धाडून देईन. रविवारपर्यंत पाहते."

मांजर जाऊ द्यायची नाही, हे मी ठरवलं होतं. तिला खायला गवत हवं म्हणून आधीच्या बुधवारीच डब्यात गहू पेरला होता. ज्वारी नाही, कोवळी ज्वारी जनावरांना बाधते. पण थंडीमुळे पाच दिवसांत एकही दाणा फुटला नव्हता.

आमच्या टायपिंग क्लासात दोन कॉम्प्युटर होते. माझ्या यंत्रात जुनं डॉस, काम झालं की मी लगेच बंद करायचो. भागीदार रामटेकेच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज. ते सुरू व्हायलाच इतका वेळ लागे, की सकाळी लावलेलं तो संध्याकाळीच बंद करी. त्यावरून मी त्याला वर्षभर टोमणे मारले होते. त्या सोमवारी त्याच्याच तापलेल्या मॉनिटरवर ताटली टाकून मी डबा ठेवला.

"काऊन भाऊ, डॉसवर गहू उगवत नाही का?" रामटेकेनं विचारलं.

"तुझं यंत्र नुसतं तापून राह्यलं. कामी तरी येऊ दे."

"मंग म्हणा, विंडोज चांगलं."

"नाही म्हणत."

"मंग उचला डबा."

मी डब्याकडे पाहिलं. "विंडोज चांगलं."

"मोठ्यानं. पोरींना ऐकू जाऊ द्या."

सगळ्या क्लाससमोर मी मोठ्यानं म्हटलं.

रविवारी गवत चार बोटं झालं. मांजरीनं अर्धं खाल्लं, तुळशीला तोंड लावलं नाही. सोमवारी मी डॉसवर काम केलं.