सावताची धाकटी भैन

मी मूळची जेऊरची. नवरा गेला, पोरगी लहान, मग सोलापुरात दवाखान्यात आयाचं काम धरलं, पेशंटला उठवनं, बसवनं, पुसनं सगळं शिकले, आनि त्याच कामावर इस्राईलला गेले. काय सांगू तुमाला, इमान पहिल्यांदा जवळनं बघितलं ते त्यात बसतानाच.

तितं एक म्हातारी सांभाळायची व्हती, नव्वदीतली. तिला सावता म्हनायचं, त्यांच्यात सावता म्हंजे आजी. आपल्याकडं ते गड्याचं नाव की हो, हाक मारताना मला हसूच यायचं.

पहिल्या दिवशी तिला न्हानीत नेलं, वरचा फवारा सोडला, तर म्हातारी अशी वरडली, भिंतीला चिकटली. मला वाटलं पानी पोळलं. तिची लेक पळत आली, मोडक्या इंग्रजीत म्हनली, शोभा, फवारा न्हाय लावायचा, आई सोळा वर्साची असताना नाझी लोकांनी यहुदी म्हनून सगळं घर छावनीत नेलं, तितं आंघोळीला चला म्हनून न्यायचे आनि कोंडून विषारी वाफेनं मारायचे, तिची आई तशीच गेली. लई रडले मी. दुसऱ्या दिवशी बादली आनली, तांब्यावानी भांडं आनलं, आदी तिच्या बोटांवर पानी घातलं, बघ आजी, कोमट हाय का. मग पायावर, मग पाठीवर, बाळंतिनीला घालतो तसं. हळूहळू डोळे मिटून बसायला लागली.

पुढं मला त्यांची भाषा थोडी यायला लागली, तशी सावता आंघोळीत बोलायची. धाकटी भैन व्हती, हाना, चवदा वर्साची. छावनीत दोघी एका फळीवर निजायच्या, लई थंडी, दाराकडनं वारं यायचं, हाना म्हनायची, आता तू भिंतीकडं हो, मग मी. तिला ताप आला. सकाळी सावता उठवायला गेली तर गार. फोटू न्हाय, कबर न्हाय.

तिकडं वर्सातनं एकदा त्या मेलेल्यांसाठी भोंगा वाजतो, आपल्या गिरनीचा वाजायचा तसा, आनि रस्त्यातल्या गाड्यासुदीक थांबून मानसं उभी ऱ्हातात. शेवटच्या वर्सी सावता म्हनली, मला उभं कर. काखंत हात घालून उभी केली, भोंगा थांबस्तोवर सगळा भार माझ्या छातीवर. मग म्हनली, मी गेल्यावर हानाला बघितलेलं कुनी उरनार न्हाय, तू नाव घेत जा. घेईन की, म्हनलं.

त्याच वर्सी ती गेली. मी हितं आले, लेकीपाशी ऱ्हाते. सांजच्याला दिवा लावताना आपल्या मान्सांची नावं घेते, त्यात हानाचंबी घेते. परवा शेजारीन इचारत व्हती, हाना कोन गं तुमच्यात? म्हनलं, सावताची धाकटी भैन. तर म्हनली, आनि ही सावता कोन? म्हनलं, बस जरा, च्या ठेवते, सांगते.