पावाची तिसरी टोपली

माझं पहिलं फ्रेंच वाक्य कसं निघालं, ते सांगते. मी पाठ केलेलं वाक्य वेगळंच होतं.

लॉकडाऊन उठल्यावर आई-बाबा मला नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या एका छोट्या फ्रेंच बिस्त्रोत, म्हणजे घरगुती खानावळीत, घेऊन गेले. शाळेत मी फ्रेंच शिकत होते, पण ऑनलाइन आणि माइक बंद ठेवून. वर्षभरात तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

"आज सगळं तूच बोलायचंस," बाबा म्हणाला.

म्हातारे फ्रेंच मालक दीड मीटर लांब उभे राहिले आणि लांबलचक चिमट्याने आमच्या टोपलीत पाव ठेवून गेले. आमच्या घरी पानात टाकलेलं चालत नाही, म्हणून सूप येण्याआधीच आम्ही तो संपवला. त्यांनी टोपली पुन्हा भरली. आम्ही पुन्हा रिकामी केली. ते तिसऱ्यांदा येताना दिसले, तशी आई कुजबुजली, "अगं, सांग ना त्यांना, बस म्हणून! सुपाला जागा कुठे उरलीय?"

मी मनात वाक्य जुळवलं, तीनदा घोकलं आणि तोंड उघडलं. तेवढ्यात आईने पंगतीत जिलबी नको म्हणताना धरतात तसे दोन्ही हात टोपलीवर आडवे धरले.

मालक हसले, मान डोलावली आणि वळले. बाबाने सुस्कारा सोडला. पण जाता जाता मालकांनी चिमटा लांबवून बाबाच्या ताटलीत एक तुकडा टाकलाच.

"अगंबाई, हे तर आपल्यातलेच निघाले!" आई म्हणाली.

आणि मग मी बोलले, अगदी खणखणीत फ्रेंचमध्ये: "बाबांना अजून एक द्या."