घुंगराच्या गाडीतून माळढोक

तातेराव : थांब, थांब. गळ्याची मोट करतंय म्हन्तोस?

दगडोबा : अगदी मोटंवानी. गळ्याखालची पिशवी फुगवतंय, भुईला टेकायची तेवढी राहती. शेपूट उलटी पाठीवर. आन मग हूंऽम करतंय. अर्ध्या कोसावर ऐकू जातं.

तातेराव : माळढोक आमीबी पाह्यलाय. मानसाचा फेटा दिसला की उडतो. नाचून राह्यला म्हनं. औंढ्याच्या जत्रंत तूच माझा फटू काढला न्हवं का, पडद्यावरच्या वाघासंगं? सासुरवाडीला तीन वर्सं वाटत होतं, जावयानं वाघ मारला.

दगडोबा : तुमीच सांगितलं असंल.

तातेराव : मी न्हाई म्हन्लो नव्हतो, एवढंच. पन आता तुजं खरं कोनाला वाटंल? पडद्यावर पाखरू रंगवशील आन आनशील फटू.

दगडोबा : घरात बायकोलाबी वाटंना. सारा जलम चेष्टा केल्या, कबूल हाय. पन एकदा खरंच काही दिसलं तर मानसानं करावं काय? म्हनून म्हन्तो, तांड्यावरच्या मिराबाईच्या बैलगाडीत तुमीच बसा, गवताखाली लपून. तुमच्या डोळ्याम्होरं काढतो.

तातेराव : आन न्हाई नाचला तर?

दगडोबा : बाजाराच्या दिवशी, हट्ट्याच्या चावडीम्होरं, सगळ्याइच्या देखत ही मिशी उतरवतो.

तातेराव : ही? जिला तूप लावतोस?

दगडोबा : हीच. आन फटू आला तर तितंच तुमी नाचायचं. त्या पाखरावानी. गळा फुगवून. तीनदा हूंऽम.

तातेराव : कबूल. फटू उतरवायच्या काचा किती हाईत तुझ्यापाशी?

दगडोबा : एक. लढाईपायी हैदराबादेहून काच येऊनच न्हाई राह्यली. तीन होत्या, दोन वाया गेल्या. दोन्हीवर नुसता मोकळा माळ आला. बैलाची घुंगरं सुदीक सोडली होती, आवाज नको म्हनून. तरी उडालं.

तातेराव : अस्सं. मंग माझी एक अट. घुंगरं बांधायची. समदी.

दगडोबा : तातेराव, एकच काच उरली हाय हो.

तातेराव : बांधायची. न्हाईतर आत्ताच न्हाव्याला बलावतो.

दगडोबा : लई तकलीफ देता गरिबाला. बांधतो.

* * *

मिराबाई : मान खाली घ्या, तातेरावदादा. गवताच्या भाऱ्याला फेटा असतो का कुठं?

तातेराव : गवत कानात शिरून राह्यलं, मिराबाई. आन काय गं, तुमच्या तांड्यात घुंगरं जरा बारीक मिळत न्हाईत का? छन छन, छन छन. पाखरू तिकडं नरसीला पोचलं असंल.

मिराबाई : न्हाई. ते काय, बाभळीच्या उजव्या अंगाला. आपल्याकडंच पाहून राह्यलंय.

तातेराव : अन् उडंना?

मिराबाई : काहून उडंल? आमचे आजे-पणजे याच माळावरून बैलावर मीठ लादून जायाचे. एका येळी शंभर बैल, गळ्यात घुंगरं. कोनी पाखराला खडा मारला न्हाई. घुंगरू वाजलं की माळढोकाला कळतं, वाटेचं मानूस हाय, जाईल आपलं. घुंगरं सोडून गुपचूप येतो तो बंदूकवाला.

तातेराव : दगडोबा.

दगडोबा : जी.

तातेराव : हे तुला ठाऊक होतं?

दगडोबा : मागच्या आठवड्यात कळलं. दोन काचा गेल्यावर. मिराबाई लई रागं भरली माझ्यावर.

तातेराव : मंग मी अट घातली तवा रडला काहून?

दगडोबा : तुमी हट्टानं बांधायला लावावी म्हनून. मी बांधली असती तर तुमी सोडायला लावली असती.

मिराबाई : हसू नका, गाडी हालती. मी आता बैलं सोडते. जूखाली लाकूड लावलं, गाडी हालनार न्हाई. बैलं चरतील, घुंगरं वाजत राहतील. तवर तुमी तुमचं काम करा.

तातेराव : किती लांब हाय?

दगडोबा : तीस पावलं. गप.

तातेराव : बाप्पा. केवढं धूड हाय. दगडोबा, ते गळा फुगवून राह्यलं.

दगडोबा : दिसून राह्यलंय मला.

तातेराव : शेपूट गेली पाठीवर. आरं, खरंच मोट हाय रे. दाब न खटका.

दगडोबा : इकडं तोंड करू द्या.

तातेराव : दाब म्हन्तो ना. जाईल ते.

दगडोबा : तातेराव, पैज तुमची उलटी हाय.

तातेराव : पैजंला घाल चुलीत. ऐक, ऐक. छातीत घुमून राह्यलंय.

दगडोबा : झालं.

तातेराव : काय झालं?

दगडोबा : दाबला. समोरून, पिशवी पुरी भरल्यावर.

मिराबाई : अजून बोलून राह्यलंय पाखरू. थोडा येळ बसा असंच.

* * *

(हट्ट्याचा बाजार. चावडीसमोर दाटी. मिराबाईच्या हातात फोटो. तातेरावांचा फेटा दगडोबाकडे.)

तातेराव : उरकू दे एकदाचं.

दगडोबा : गुळाचे गाडेवाले येऊन राह्यलेत, त्याइला येऊ द्या. धोतराचा सोगा पाठीवर घ्या. शेपूट हाय ती.

तातेराव : घेतला. हूंऽम.

मिराबाई : बैलबाजारात ऐकू न्हाई गेलं.

तातेराव : हूंऽऽम.

दगडोबा : दोन. आता छाती काढून, चार पावलं गोल. वा. मादी असती तर आली असती.

तातेराव : हूंऽऽऽम. झाले तीन. मोजले का समद्याइनं?

मिराबाई : मोजले. दगडोबादादा, ही भाजीवाली इचारून राह्यली, फटूतलं पाखरू खरं हाय का पडद्यावरचं?

दगडोबा : मी काय सांगू, बाई. मी सांगून कोनाला—

तातेराव : खरं हाय. ऐका रे समदे. मी गाडीत होतो, माझ्या ह्या डोळ्यानं पाह्यलं. पाखरू नाचलं आन दगडोबानं होतं तेच काढलं. ज्याला शंका असंल त्यानं माझ्या घरी येऊन इचारावं.

दगडोबा : तातेराव, हे पैजंत नव्हतं.

तातेराव : ठाऊक हाय. फेटा वर धर, धूळ लागून राह्यली.