कादंबरीतली पोर

धुक्यामुळे बोटीला उशीर होता. स्कॉटलंडमधल्या ओबनच्या धक्क्यावर दोघी म्हाताऱ्या एका कादंबरीवरून भांडत होत्या आणि तिकीटखिडकीतली मोरवेन कान देऊन ऐकत होती.

"एवढीशी पोर म्हणते, 'मी मरणार नाही, नुसती घर बदलणार.' सरोज, अशीला आधी डॉक्टरकडे न्यावं!"

"आमच्या राजकोटला आधी तिच्या पाया पडतील, इशबेल."

"पोरीच्या?"

"वय अंगाला असतं गं, आतल्याला कुठलं?"

"आमचा पाद्री म्हणेल, देवदूत होता."

"तुमचे देवदूत निघून जातात. आमची माणसं परत येतात."

"...माझी लेक एल्सीही जाण्याआधी असंच काहीबाही बोलायची. आली असेल का गं ती? ओळखेल मला?"

"ती सगळं विसरूनच येणार. ओळखायचं आपण."

बोट लागली. सरोज चढली तरी इशबेल खालीच उभी होती, उतरणाऱ्या एकेका पोरीचा चेहरा न्याहाळत.