ती मेली स्वल्पविराम

...नाही मेलेली ती! तुम्हाला सांगतो, ठणठणीत आहे! एका स्वल्पविरामापायी अख्ख्या ग्रुपने जितीजागती बाई पोचवली हो!

बाई म्हणजे कोण, तर 'वाघीण'. कादंबऱ्यांमधली गुप्तहेर. हसू नका! आम्ही वाचकमंडळी तिच्या पुढच्या गोष्टी स्वतःच रचतो, एकमेकांना वाचायला देतो, फॅन फिक्शन म्हणतात त्याला. आणि घरी आहे कोण मला? संध्याकाळी कुलूप उघडलं की मी आणि ती... मी तिला बोटीवर चढवली, वेषांतरं करायला लावली, एकदा सर्दी झाली तर वाफारासुद्धा दिला!

पण ग्रुपच्या प्रमुख कोण? माझ्याच दातांच्या डॉक्टरीणबाई! मूळ पुस्तकात छापलंय ते कॅनन, ते खरं, बाकी सगळा पालापाचोळा. काहीही लिहा, यांचं आपलं एकच, "मुळात आहे का?" वाघिणीने मांजर पाळलं. "मुळात आहे का?" वाघीण हसली. "मुळात आहे का?" अहो, माणूस आहे, हसेल की कधीतरी!

आणि शेवटच्या पुस्तकात, शेवटच्या पानावर, तिची सासू म्हणते, "ती मेली, परत यायची नाही." खलास! तिथून माझ्या गोष्टी बंद. वाद घालू कुठे? मी खुर्चीत आडवा, तोंडात आरसा, नळी, कापूस... "मेलेली बाई बोटीवर चढते कशी हो? मुळात आहे का?" मी आपला, "आँ... आँ..." "बघा, तुम्हालाही पटलं!"

शेवटी इरेला पेटलो, थेट लेखिकेचं घर गाठलं. आजीबाई चष्मा शोधत होत्या, तो कपाळावर. पान बघितलं आणि, "अगंबाई! मेली ही शिवी आहे हो! 'ती मेली परत यायची नाही.' सासू दुसरं काय म्हणणार? स्वल्पविराम छापखानेवाल्यांनी घुसडलाय मेल्यांनी!"

रडलो हो मी. खरंच रडलो.

आजींना ग्रुपवर घेतलं. त्यांनी लिहिलं, "वाघीण जिवंत आहे. मीच लिहिली आहे ती." मिटलं ना? छे! डॉक्टरीणबाई म्हणतात, "कल्पना छान आहे, काकू. पण मुळात आहे का?" मग काय, सगळे पानांचे फोटो घेऊन आजींवर तुटून पडले! दोन दिवसांनी आजींचा फोन, "अहो... एवढी शिकलेली माणसं म्हणतायत, तर मेली असेल हो. मला तरी कुठे सगळं आठवतंय!"

आता कोणाच्या दारात जाऊ, सांगा! त्यात दाढ ठणकायला लागली, म्हणजे दारही तेच! पुन्हा आडवा, पुन्हा कापूस. बाईंनी दाढेवर टकटक केलं, मान हलवली, म्हणाल्या, "ही मेली..."

शिवी, की निधन? विचारू कसं? "आँ?"

बाईंनी एक्स-रे उजेडात धरला, बराच वेळ बघितला. "कीड ना? मुळात आहे."

चला... माझं काहीतरी मुळात निघालं!