तेल लावलेलं दार

बँकवाला : आजी, दारातून जरा बाजूला व्हा. कागद लावायचाय.

सासूबाई : लाव की. बघू, तुझा डिंक जिंकतो की माझं तेल.

बँकवाला : (बोटं चोळत) दाराला तेल फासलंय?

सासूबाई : सकाळीच. घर माझं, दार माझं. एक कपटा चिकटू द्यायची नाही मी.

सून : पोस्टमनलाही उंबऱ्यावरूनच परत पाठवायच्या. दर वेळी.

सासूबाई : मग? कागद घेतलाच नाही तर लागू कसा होईल? कोर्टाचं बोलावणं येऊ दे, न्यायाधीशाच्या तोंडावर सांगते सगळं. ठेवणीतले कपडे इस्त्री करून ठेवलेत.

बँकवाला : ह्यात कोर्ट नसतं, आजी.

सासूबाई : नसतं? घर जाणार आणि कोणी विचारणारही नाही?

बँकवाला : घर तारण ठेवलंत तेव्हाच तो हक्क बँकेला मिळाला. हप्ते थकले की नोटीस. मुदतीत भरले नाहीत की ताबा, तो हा कागद. मग पेपरात जाहिरात, मग लिलाव. कर्ज फिटून उरलं तर ते तुमचं.

सून : आणि परत गेलेल्या नोटिसा?

बँकवाला : नाकारली तरी मिळाली असंच धरतात. हा चिकटला नाही तर दाराला धरून फोटो काढीन. तेवढं पुरतं.

सासूबाई : म्हणजे मुदत माझ्या नाकासमोरून गेली.

सून : नोटिसा माझ्या हातात दिल्या असत्या तर वाचून दाखवल्या असत्या.

सासूबाई : सुनेकडून वाचून घ्यायची वेळ आली नव्हती अजून माझ्यावर.

सून : आता काहीच नाही का करता येत?

बँकवाला : येतं. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत पूर्ण रक्कम भरून घर सोडवता येतं. बँकेचं काही चुकलं असेल तर दादही मागता येते. फक्त बोलावणं येत नाही, आपणच जायचं असतं. कुठे, कधीपर्यंत, ते ह्यात लिहिलंय.

सासूबाई : ह्यात?

बँकवाला : हो. काढू फोटो?

सासूबाई : थांब रे पोरा. कसली घाई? लाव, पण नीट लाव. पडता कामा नये.

सून : अहो, पण तेल...

सासूबाई : घासते मी दार. तू तुझा चष्मा आण.